पाकिटावरचं वजन तपासायला एसएफ-४०० काटा कितपत भरवशाचा?

दोन पेन्सिल सेलवर चालणारा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हा स्वस्त काटा १०० ग्रॅम ते २ किलोच्या पाकिटांसाठी जरूर घ्यावा. १० ग्रॅमच्या मसाल्याच्या पुडीसाठी मात्र नाही. त्या पुडीत कायद्याने ०.९ ग्रॅमचीच तूट चालते आणि काट्याची पायरीच १ ग्रॅमची आहे.

आधी काटा पारखा. वाण्याकडचं शिक्क्याचं ५०० ग्रॅमचं वजन मधोमध आणि मग चारही कडांना ठेवून बघा. वजन जाणवणारा भाग (लोडसेल) एकच, तोही मध्ये, म्हणून कडेला आकडा बदलू शकतो. पाकीट मधोमधच ठेवायचं. सेल उतरले की आकडा नाचतो. शिवाय चिमूट चिमूट टाकलं तर काटा ते मोजतच नाही, म्हणून जिन्नस एकदम ओता.

सीलबंद पाकीट तोला, रिकामं करा, मग वेष्टन तोलून वजा करा. आतला ट्रेसुद्धा वेष्टनातच धरा. तेलाची पिशवी धुऊन, वाळवून मगच तोला. आत चिकटलेलं तेल वेष्टनात मोजलं गेलं तर पॅकरवर खोटा आळ येतो.

तेलाच्या बाबतीत लेबल नीट वाचा. १ लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६. त्यामुळे लेबलवर ‘६० अंशांना १ लिटर’ असं छापून २६ ग्रॅम तेल बिनबोभाट कमी देता यायचं. २०२२ मध्ये केंद्राने तापमान न छापता वजन छापायला सांगितलं, हे फार बरं झालं.

चालणारी तूट अशी: २०० ग्रॅमला ९ ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि १ किलो दोन्हींना १५ ग्रॅम, ५ किलो पिठाला ७५ ग्रॅम. पण ही सवलत एकेका पाकिटाची. सगळ्या मालाची सरासरी छापलेल्या वजनाएवढी भरलीच पाहिजे. ५०० ग्रॅमचं प्रत्येक पाकीट ४९० भरत असेल, तर मशीनच कमी भरायला लावलंय असा संशय घ्यायला जागा आहे. अशा वेळी गप्प बसू नये.

या काट्यावर सरकारी शिक्का नसतो, त्यामुळे त्याचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही. त्याच बॅचची दोन-तीन पाकिटं न फोडता, बिलासकट ठेवा आणि जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकाकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. बॅच क्रमांकाचा फोटो आधीच काढा. प्लास्टिकवरची शाई बोट लागलं तरी पुसते.