होम्स की कफ? एका कप्प्याचा हिशेब

भाची बडोदा-अमदावाद अपडाउन करते. परवा तिनं विचारलं, "मामा, जुन्या गुप्तहेरांपैकी सुरुवात कुणापासून करू?" हाच प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी पडला होता. दांडिया बाजारातलं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, आणि सौ.ने माझ्या रहस्यकथांना एकच कप्पा दिला. मावेल ते ठेवा, बाकीचं माळ्यावर. त्या वेळी जे ठरवलं ते सांगतो. दुसऱ्याचं वेगळं ठरेल, त्याला माझी हरकत नाही.

एडगर ॲलन पोचा ड्युपिन हा सगळ्यांचा मूळपुरुष. १८४१ साली आला, तीन कथांत आटोपला. पण पहिल्याच कथेत मुडद्यापर्यंत पोचायच्या आधी बुद्धीच्या प्रकारांवर व्याख्यान ऐकावं लागतं. त्याला नमस्कार करावा आणि पुढे जावं.

फादर ब्राउनचं तसं नाही, त्याला माळ्यावर टाकताना हात अडखळला. चेस्टरटनने त्याला १९१० साली आणलं. त्याच वर्षी सयाजीरावांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि इथली ग्रंथालयं उभी राहिली, म्हणून हे साल माझ्या लक्षात राहिलं. पहिल्याच कथेत हा गोल चेहऱ्याचा पाद्री उपाहारगृहात साखरेच्या भांड्यात मीठ भरतो, भिंतीवर सूप फेकतो. का, तर पोलिसाला माग मिळावा म्हणून! गंमत आहे. पण सलग पाच-सहा कथा वाचल्या की थकायला होतं. आपल्या कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं. चेस्टरटनबुवा आधी आख्यान लावतात आणि निरूपणाला नेमके आपण उठायच्या वेळी बसवतात. महिन्याला एक कथा घेतली तर उत्तम माणूस.

म्हणजे खरा सामना शेरलॉक होम्स आणि 'द मूनस्टोन' कादंबरीतला पोलिस, सार्जंट कफ, यांच्यात.

होम्सची बाजू भक्कम आहे. छप्पन्न कथा, चार कादंबऱ्या. लहानपणी आम्ही बाबुराव अर्नाळकरांचे गुप्तहेर धनंजय-छोटू वाचले, त्यांच्यामागेही बेकर स्ट्रीटची होम्स-वॉटसन जोडी उभी होतीच. माझ्या अनुभवाने, गाडी बडोद्याहून सुटल्यावर एक कथा सुरू केली तर आणंद येता येता संपते. अपडाउनवाल्याला याहून काय हवं? शिवाय धुकं, घोडागाडी, शेकोटीजवळचा वॉटसन. त्या खोलीत जाऊन बसावंसं वाटतं, हे कफच्या बाबतीत मी म्हणू शकत नाही.

पण माझं घोडं अडलं ते एका तारेवर. १८८७ ची पहिली होम्स कादंबरी. होम्स प्रेत पाहतो, खोली पाहतो आणि थेट अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या पोलिसांना तार करतो. मयताच्या लग्नाबद्दल त्यांना विचारतो. उत्तर येतं, त्यात खुन्याचं नाव असतं. आपल्याला हे कधी कळतं? बेड्या पडल्यावर, मधली सगळी अमेरिका फिरून आल्यावर, शेवटच्या प्रकरणात. मी तीस-बत्तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली. बेरीज बरोबर आहे, पण व्हाउचर नंतर दाखवतो, असं कुणी म्हटलं की माझं पेन तिथेच थांबायचं. होम्स बेरजेत सहसा चुकत नाही, व्हाउचर मात्र खिशात ठेवतो. मग वॉटसन थक्क होतो आणि आपणही व्हायचं. एकदा हे खटकलं की प्रत्येक कथेत तेच दिसतं. तो गुडघ्यावर बसून भिंग लावतो, काहीतरी पाकिटात टाकतो, गालात हसतो. काय टाकलंस ते सांग की! न्यायाने बोलायचं तर सगळीकडे असं नाही. रात्री न भुंकलेला कुत्रा तो आपल्यासमोरच मांडतो. आणि एकदा स्वतःचा अंदाज चुकला तेव्हा ते सरळ कबूलही करतो.

विल्की कॉलिन्सचा कफ १८६८ चा, 'द मूनस्टोन'मधला. सडपातळ, उतारवयाचा, काळ्या कपड्यातला. एवढा मोठा हिरा चोरीला गेलाय आणि हा बागेत माळ्याशी गुलाबाच्या कलमांवरून वाद घालतो. पण हिऱ्याच्या खोलीच्या दाराला नुकताच रंग दिलाय, त्यावरचा डाग बघा. आधीचा पोलिस अधिकारी म्हणतो, सकाळी अकराला मोलकरणींची गर्दी झाली, कुणाचा तरी घागरा घासला, क्षुल्लक बाब. कफ फक्त विचारत जातो. रंगकाम कधी संपलं? बुधवारी दुपारी तीनला. वाळायला किती वेळ? बारा तास. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रंग वाळून आठ तास झाले होते, घागऱ्याचा प्रश्नच नाही. मध्यरात्री दारावर डाग नव्हता. मग तो रात्री बारा ते तीनच्या मध्येच पडला, आणि कुणाच्या तरी कपड्याला रंग लागलेला असणार. सगळे आकडे आपल्या पुढ्यात! नव्या फ्लॅटच्या दाराला ऑइलपेंट दिला तेव्हा मी घड्याळ लावून बसलो होतो. आमच्याकडे जुलैत बारा तास पुरले नाहीत, सौ.च्या पदराने ते सिद्ध केलं. कादंबरीतल्या घरी जून होता, सोडून देऊ.

एवढं करून कफ चुकतो. कपडा बरोबर, माणूस चुकीचा. मला तो इथेच आपला वाटला. पुढे तोही एक नाव लिहून पाकीट बंद करतो, हे कबूल. पण पाकीट आपल्यासमोर बंद होतं आणि ते आहे हे आपल्याला माहीत असतं.

बडोदेकराला या पुस्तकाचा आणखी एक ओढा आहे. हिरा मूळचा सोमनाथचा. आणि पुस्तक निघून सहा वर्षं होतात न होतात तोच, १८७४ साली, आमच्याच रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीच्या, सरबताच्या गाळात सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड निघाली. आळ आला बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर. तपासात रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. ती आधीपासून होती की नंतर घातली, यावर मल्हाररावांच्या बॅरिस्टरने रान उठवलं. चौकशीला सहा जणांचं कमिशन. तीन इंग्रजांना गुन्हा शाबीत वाटला, तीन हिंदी सदस्यांना नाही. मल्हाररावांची गादी मात्र गेलीच. पट्ट्याला ती पुडी कधी चिकटली हे कफने विचारलं असतं, असं मला उगाच वाटत राहतं.

कफचे तोटे लपवत नाही. तो एकाच पुस्तकात आहे, त्यातही मधला मोठा भाग गायब असतो. पुस्तक जाडजूड. भाचीला म्हटलं, गाडीत बसायला जागा मिळत असेल तर कफ घे, दाराशी उभं राहावं लागत असेल तर होम्स. ती म्हणाली, जागा आणंदनंतर मिळते.

माझ्या कप्प्यात कफ हाताशी आहे. होम्स माळ्यावर, त्याला स्टूल लागतं. महिन्यातून दोनदा तरी ते स्टूल निघतं, आणि सौ. विचारते, "मग खाली का नाही ठेवलात?"