जेजू ओल्ले ट्रेल रिव्ह्यू: रूट 7 ची हवा जास्त, खरी मजा 10 आणि 12 ला

आधीच सांगून ठेवतो, ट्रेक म्हटलं की ज्यांना चढ, घाम, दोर आणि वर पोचल्यावर झेंड्याशेजारी फोटो एवढंच हवं असतं त्यांनी मागाहून मला शिव्या घालू नका. जेजू ओल्ले ही चालायची वाट आहे, चढायची नाही. दक्षिण कोरियाच्या खाली समुद्रात जेजू नावाचं बेट आहे, अख्खंच्या अख्खं ज्वालामुखीतून झालेलं, मधोमध हल्लासान डोंगर साधारण 1,950 मीटरचा आणि बेटाच्या कडेकडेनं समुद्राला धरून ही वाट गोल फिरते. एकूण 27 रूट, सगळे मिळून 437 किलोमीटरच्या आसपास, काही शेजारच्या छोट्या बेटांवर आहेत, काही आतल्या भागात. बहुतेक रूट 10 ते 20 किलोमीटरचे, म्हणजे एक दिवस एक रूट असा हिशोब धरायचा. आम्ही मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम बाजू चाललो, पूर्वेचा सोंगसानचा तुकडा वेगळा केला, त्यामुळे रिव्ह्यू तेवढ्याचाच समजा.

ही वाट सरकारी नाहीये हे मला तिथे गेल्यावर कळलं. सो म्यंग-सुक नावाच्या पत्रकार बाई, मूळच्या जेजूच्याच, नोकरी सोडून स्पेनमधली कामिनो ही तीर्थयात्रेची लांब पायवाट चालून आल्या आणि मग आपल्या बेटावर असं काहीतरी हवं म्हणून 2007 मध्ये पहिला रूट सुरू केला. पुढचं सगळं जुन्या पायवाटा जोडून, गावकऱ्यांशी बोलून, कुणाच्या शेताच्या बांधावरून परवानगी घेऊन असं वाढत गेलं. म्हणूनच असेल कदाचित, पण वाटेला टुरिझम डिपार्टमेंटचा वास येत नाही. रेलिंग कमी, सिमेंटच्या पायऱ्या कमी (सिमेंटचे रस्ते मात्र आहेत, त्यावर पुढे बोलतो), मोठमोठे "आय लव्ह जेजू" वाले बोर्ड वाटेवर तरी नाहीत.

खुणांना मात्र मी दहापैकी दहा देईन. झाडाला, खांबाला, कुंपणाच्या तारेला निळी आणि केशरी अशा दोन रिबिनी एकत्र बांधलेल्या असतात, निळी समुद्राची आणि केशरी तिथल्या संत्र्यांची. सरळ दिशेनं चालत असाल तर निळा बाण बघायचा, उलट्या दिशेनं असाल तर केशरी. आणि फाट्यावर एक निळा घोडा उभा असतो, छोटासा, पत्र्याच्या आकृतीसारखा, त्याचं तोंड जिकडे तिकडे आपण. बास. कुठे समुद्रकाठच्या नुसत्या दगडांतून वाट जाते तिथे दगडावरच बाण रंगवलेला. दहा-पंधरा मिनिटं रिबीन दिसली नाही की समजायचं आपण चुकलो आणि मागे फिरायचं, इतकं ते भरवशाचं आहे. फोन लागतो तो बससाठी, आणि तिथे गुगल मॅपच्या भरवशावर राहू नका, नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाकून घ्या. पूर्व बाजूनं 201 नंबरची बस आणि पश्चिम बाजूनं 202, या दोघी बहुतेक रूटच्या जवळपास नेऊन सोडतात. पायाची वाट लागली तर मध्येच सोडून बस पकडता येते, हे सुख आपल्याकडच्या ट्रेकला कुठे.

आता दगडाबद्दल, कारण माझ्या मते या ट्रेलचा हीरो तोच आहे आणि लोक सगळे कॅफेचे फोटो टाकत बसतात. सह्याद्री पण बेसाल्टचाच, पण आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, इथला काही ठिकाणी नुसता काही हजार वर्षांचा, त्यामुळे अजून त्याच्या धारा बोथट झालेल्या नाहीत. लाव्हा थंड होताना आतला गॅस बाहेर पडला त्याची भोकं दगडभर, हात फिरवला तर किसणीच. कोरडा असला की पकड इतकी भारी की उतारावरसुद्धा बूट चिकटून बसतो, पण भरतीच्या रेषेखाली त्यावर हिरवं शेवाळ असतं आणि तिथे कुठल्याही कंपनीचा सोल काही करू शकत नाही. जुने झिजलेले स्पोर्ट्स शूज घालून जाऊ नका. पातळ सोल असेल तर संध्याकाळपर्यंत तळव्याला एकेक दगड मोजता येतो, आणि या दगडावर हात टेकून पडलात तर खरचटणं नक्की, म्हणून हातमोजे ठेवलेले बरे.

या भोकाभोकांच्या दगडामुळे आणखी एक गंमत झालीये. एवढा पाऊस पडणारं बेट, पण वाटेत ओढे बघाल तर बहुतेक कोरडे, कारण पाणी सगळं खाली झिरपतं आणि थेट समुद्रकाठी झऱ्यासारखं वर येतं. जुनी गावं किनाऱ्यालाच का चिकटून बसलीत त्याचं उत्तर हेच, गोडं पाणी तिथेच मिळायचं. ट्रेलवर अशी दगडानं बांधून काढलेली झऱ्याची कुंडं लागतात, शेजारी समुद्र आपटतोय आणि कुंडातलं पाणी गोडं आणि गारेगार. प्यायचं पाणी मात्र सोबतच घ्या. आणि शेतांच्या मध्ये काळ्या दगडांच्या गडग्यासारख्या भिंती, चुना नाही, माती नाही, नुसते एकावर एक ठेवलेले, मधून पलीकडचं दिसतं. बायको म्हणाली या पडत कशा नाहीत, तर फटी आहेत म्हणूनच पडत नाहीत, वारा आरपार जातो. तो वारा काय चीज आहे हे एकदा टेकाडावर उभं राहिलं की समजतं, छत्री तर नेऊच नका, उलटी होऊन समुद्रात जाईल. पोंचो किंवा जॅकेट.

रूट 7 बद्दल. सोग्विपो शहरातून निघून वोल्प्यंगपर्यंत, साडेसतरा किलोमीटरच्या आसपास, आणि इंटरनेटवर सगळे हाच करा म्हणून सांगतात. सुरुवातीला ओएदोल्गे नावाचा 20 मीटर उंच दगडी सुळका समुद्रात एकटाच उभा आहे, सुंदर आहे, प्रश्नच नाही, पण टूरच्या बसेस तिथेच रिकाम्या होतात आणि पहिले दोन किलोमीटर तुम्ही सेल्फी स्टिकच्या जंगलातून चालता. पुढे सुबोंग-रो म्हणून एक तुकडा आहे, किम सु-बोंग नावाच्या गृहस्थांनी फावडं-कुदळ घेऊन हातानं पाडलेली पायवाट, मशीन नाही. रूट 7 मधलं मला सगळ्यात आवडलेलं तेवढंच, दाट झाडीतून एकदम दगडी किनाऱ्यावर उतरते आणि माणसं कमी होतात. नंतर गांगजोंगला नेव्हल बेस आहे, 2016 ला झाला, गावकऱ्यांचा मोठा विरोध होता, निषेधाच्या खुणा अजून गावात दिसतात. तिथलं चालणं म्हणजे कुंपण आणि डांबर. एकंदरीत चांगला, पण एवढी हवा करण्यासारखा नाही. एकच दिवस हातात असेल तर हा करू नका.

करायचा तर रूट 10 करा, ह्वासुन बीच ते मोसुल्पो, पंधरा-सोळा किलोमीटर. सुरुवातीलाच सांबांगसान समोर येतो, 395 मीटरचा, घुमटासारखा. इथला लाव्हा इतका चिकट होता की वाहून न जाता जागच्या जागीच फुगून बसला, म्हणून बाजूचं सगळं सपाट आणि मध्ये हा एकटाच. त्याच्या पायथ्याला योंगमोरी किनारा, राखेचे थर समुद्रानं कापून काढलेत, लाटांसारखे वळलेले कडे. तिकीट वेगळं आहे आणि भरती किंवा लाटा असल्या की बंद ठेवतात, त्यामुळे ओहोटीची वेळ बघून दिवसाचं प्लॅनिंग करा, उलटं नको. जवळच हामेल नावाच्या डच माणसाचं स्मारक आहे, 1653 मध्ये तो जहाज फुटून या बेटाला लागला होता त्याची आठवण. ते पटकन बघून पुढे निघालात तरी चालेल.

पुढे सोंगाकसान. कड्याच्या कडेनं वाट गोल फिरते, खाली समुद्र, समोर गापाडो आणि मारादो ही दोन चपटी बेटं, आणि खाली पाहिलं तर कड्याच्या पोटात ओळीनं चौकोनी भोकं. ती ज्वालामुखीची नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानी सैन्यानं स्थानिक लोकांना जुंपून खोदून घेतलेल्या गुहा आहेत. तिथून थोडं आत आल्त्रू विमानतळाचं मैदान, 1937 मध्ये इथून उडालेल्या जपानी विमानांनी चीनमधल्या नानजिंगवर बॉम्ब टाकले होते. आता तिथे भाज्यांची शेतं आहेत आणि शेतांच्या मध्ये गवतानं झाकलेले काँक्रीटचे हँगर, बाया बाजूला वाकून भाजी काढतायत आणि शेजारी हे. ट्रेल त्यांच्या मधूनच जाते. शेजारच्या टेकडीवर 1950 साली मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचं स्मारक आहे, तिथे गप्पा आपोआप थांबतात.

रूट 12 चा पहिला अर्धा भाग कंटाळवाणा आहे, शेतं, शेतं, अजून शेतं, ते सहन करा. कारण मग सुवोल्बोंग येतं. उंची म्हणाल तर 77 मीटर, आपल्याकडे याला कोणी टेकडी पण म्हणणार नाही. पण समुद्राकडच्या बाजूनं कड्याखालून चाला आणि नाक लावून बघा, अक्षरशः. सुमारे 18 हजार वर्षांपूर्वी वर येणारा लाव्हा पाण्याला भेटला आणि स्फोटांवर स्फोट झाले, प्रत्येक स्फोटाच्या राखेचा एक पातळ थर, असे शेकडो थर एकावर एक, काही बोटाएवढे जाड, काही नखाएवढे. मध्येच एखादा काळा दगड रुतलेला दिसतो, नारळाएवढा, त्याच्या खालचे थर खाली दबलेले आणि वरचे थर त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखे. म्हणजे तो दगड स्फोटात हवेत उडाला, ओल्या राखेत येऊन आदळला, खळगा पडला आणि पुढच्या राखेनं तो झाकला. एका सेकंदात घडलेली गोष्ट, आणि तुम्ही तिच्यासमोर पाण्याची बाटली घेऊन उभे. मला तिथून हलवायला बायकोला चार वेळा हाका माराव्या लागल्या. थरांना हात लावू नका, राख ती राखच, झडते. दगड पडायचा धोका असला की खालची वाट बंद करतात, तेव्हा दोरी लावलेली असेल तर पलीकडे जायची हौस नको.

हेन्यो, म्हणजे समुद्रात बुडी मारून शंखशिंपले काढणाऱ्या बायका, ऑक्सिजनची टाकी नाही काही नाही, नुसत्या श्वासावर. बहुतेक जणी आज्या आहेत. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत त्यांचं नाव गेलं. केशरी फ्लोट तरंगताना दिसला की थांबा आणि ऐका, वर आल्यावर श्वास सोडताना एक बारीक शीळ येते, वाऱ्यातही ऐकू येते. फोटो विचारून काढा, त्या कामावर आहेत.

आता तक्रारी. एक, सिमेंट. बऱ्याच रूटवर किनाऱ्याचा गाडीरस्ता हीच ट्रेल आहे, शेजारून गाड्या जातात, गुडघे बोंबलतात, आणि हे आधी कोणी सांगत नाही. दोन, जेवण, शाकाहारी असाल तर. बिबिंबाप (भाज्या घातलेला भात) बिनमांसाचं मिळतं पण सांगावं लागतं, किंबापमध्ये (भाताची गुंडाळी) हॅम असतोच असतो, सूपमध्ये माशाचा अर्क. कन्व्हिनियन्स स्टोअरमधली केळी, भाताचे गोळे आणि थंडीत गेलात तर रस्त्याकडेची संत्री यावर आम्ही बराच किल्ला लढवला. तीन, बॅग पुढच्या मुक्कामी पोचवणारी सर्व्हिस. आम्ही एक घेतली होती, नाव घेत नाही, बॅग त्यांनी साधारण तशाच नावाच्या दुसऱ्याच गेस्टहाउसला टाकली आणि ओले मोजे घालून आम्ही रात्री नऊपर्यंत वाट बघितली. बॅगेवर पत्ता कोरियन लिपीत लिहून चिकटवा, गेस्टहाउसवाले आनंदानं लिहून देतात.

टॉयलेट्स स्वच्छ, फुकट आणि पाहिजे तिथे. एवढ्यासाठीच अर्धा स्टार जादा.

स्टॅम्पची वही घेतलीत तर प्रत्येक रूटच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी निळ्या घोड्याच्या पेटीत शिक्का असतो, मुलं बरोबर असतील तर ती त्यासाठीच पळत सुटतात. सीझन म्हणाल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, उन्हाळ्याच्या शेवटी टायफूनची भानगड असते. सकाळी लवकर निघा, अंधारात चालायचं नाही, वाटेवर दिवे नाहीत.

एकूण साडेचार स्टार, रूट 7 चा एकट्याचा साडेतीन. आईबाबांना घेऊन जाणार असाल तर त्यांना 10-1 करू द्या, गापाडो बेटावरचा, चार-सव्वाचार किलोमीटर आणि सगळं सपाट, बेटाचा सगळ्यात उंच भागच 20 मीटर आहे, वसंतात गेलात तर बेटभर हिरवी बार्ली. बोट मोसुल्पोच्या उंजिन बंदरातून सुटते, परतीची वेळ तिकिटावरच ठरलेली असते, आणि चढताना पासपोर्ट बघतात, तेव्हा तो हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून जाऊ नका.