बालसंगोपन योजना : रक्कम लहान, गृहभेट मोलाची

घरातला कमावता माणूस गेला की मुलांना बालगृहात ठेवण्याचा सल्ला नातेवाइकांकडून हमखास मिळतो. महाराष्ट्र शासनाच्या महिला व बाल विकास विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना नेमकी ती वेळ टाळण्यासाठी आहे. अनाथ असलेली, एकच पालक उरलेली किंवा ज्यांचे पालक दुर्धर आजाराने ग्रासले आहेत अशी मुले आईकडे, आजीकडे किंवा काका-मामांकडेच वाढावीत, यासाठी वयाच्या १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये बँक खात्यात जमा होतात. २०२३ मध्ये वाढ होण्यापूर्वी ही रक्कम १,१०० रुपये होती.

अर्ज भरणाऱ्या अनेक कुटुंबांसोबत बसल्यावर माझे मत असे झाले आहे की, या योजनेचे खरे मोल पैशापेक्षा तिच्या गृहभेटीत आहे. कार्यकर्ता घरी येतो, मूल शाळेत जाते का, कोणाजवळ झोपते, घरात कोणाचा धाक आहे हे पाहतो आणि त्याच्या गृहचौकशी अहवालाच्या आधारे बाल कल्याण समिती मदतीचा आदेश देते. कार्यकर्ता मन लावून काम करणारा असेल, तर शाळा सुटलेली मुलगी पुन्हा वर्गात बसते आणि सासरच्यांनी अडवून ठेवलेली कागदपत्रेही बाहेर येतात. तीच भेट उंबऱ्यावरून उरकली गेली, तर अहवालात केवळ उत्पन्नाचा आकडा उरतो. हा फरक माणसागणिक पडावा, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे दुबळेपण वाटते.

कागदपत्रांची यादी अवाजवी नाही. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, बँक पासबुक आणि घरासमोर काढलेला पालक-मुलांचा फोटो, एवढ्यात बहुतेक काम भागते. मात्र रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला प्रत्येक दाखल्यासाठी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. एका जिल्हा कार्यालयात, पासबुकावरचे आणि आधारवरचे नाव किंचित वेगळे असल्याने अर्ज परत आलेला मी पाहिला आहे; त्रुटी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर त्या आईची एक खेप वाचली असती. शासन या अर्जासाठी शुल्क घेत नाही, त्यामुळे पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नये. थेट जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे.

मला सर्वाधिक खटकणारी त्रुटी वयाची आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहातून १८ वर्षे पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांना अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. घरी राहून वाढलेल्या मुलाची मदत मात्र त्याच वयाला थांबते, मग ते बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर असले तरीही. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा असे हाच कायदा सांगतो. तेव्हा घरात वाढलेल्या मुलांनाही शिक्षण पूर्ण होईपर्यंत ही मदत मिळालीच पाहिजे.