तौक्तेनंतर घेतलेला इन्व्हर्टर, तीन पावसाळे वापरून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे कारण इन्व्हर्टर का घेतला हे सांगितल्याशिवाय तो कसा आहे ते सांगता येणार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही (का ते पुढे कळेल). 1100 व्हीएचा (एका वेळी किती भार ओढतो ते) साइन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे घरच्या लाइटसारखाच करंट देणारा, 150 एएचची (बॅटरीत किती साठतं ते) उंच ट्युब्युलर बॅटरी, ट्रॉली आणि फिटिंग धरून बाविसेक हजार गेले. म्हापशातून घेतला.

आमचं घर गोव्यात थिवीच्या बाजूला, जुनं कौलारू, मागे भाट (बागायत), पंधरा-सोळा माड, दोन मानकुराद आंबे, एक फणस. 16 मे 2021, रविवार. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यापासून लांब समुद्रातून वर गुजरातकडे चाललंय, आपल्याकडे नुसता वारा लागणार असं सगळे म्हणत होते, आणि नाव काय तर म्हणे म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल. मुलांनी आदल्या रात्री भिंतीवरच्या पालीला तौक्ते म्हणून हाका मारून झाल्या. पहाटे जो वारा सुटला तो बाबा (सासरे) म्हणतात फयानलाही एवढा नव्हता, फयान हे 2009 चं वादळ. कौलं पत्ते पिसल्यासारखी वाजायला लागली, मग एकेक उडायला लागली, आम्ही सगळे मधल्या खोलीत, तिथे वर स्लॅब आहे, आई जपमाळ घेऊन आणि धाकटा माझ्या मांडीत. साडेनऊच्या सुमारास फणस पडला, तो आमच्या न्हाणीवर आणि न्हाणीला टेकून जाणाऱ्या विजेच्या तारेवर. लाइट त्याच्या आधीच गेलेली, नशीब.

ती परत आली गुरुवारी संध्याकाळी.

आता चार-साडेचार दिवस लाइट नाही म्हणजे काय, हे पहिल्या दिवशी कळत नाही. पहिल्या दिवशी मेणबत्त्या, पडलेल्या कैऱ्या गोळा करा, मजाच. सोमवारी फ्रीझर सुटला, पावसाळ्यात मासेमारी बंद व्हायच्या आधी भरून ठेवलेली विसवण (सुरमई) होती ती सगळी एका दमात तळली, शेजारी वाटली. शेजारीण कुंपणावरून विचारते, "कितें गो, लग्न काय?" कर्फ्यू चालू, दुकानं दुपारी 1 पर्यंत, कोविडचे दिवस, कोणाकडे जायचं नाही यायचं नाही, आणि मोबाइलचे टॉवरही गेले. पोदेर (पाववाला) मात्र एकच दिवस चुकला, मंगळवारपासून पोंपों वाजवत हजर, त्याची भट्टी लाकडाची, त्याला लाइटशी काय देणंघेणं.

आईंचं इन्शुलिन फ्रिजमध्ये होतं. तीच खरी काळजी. मडक्यात वाळू, वाळूत पाणी, मध्ये छोटं मडकं, त्यात बाटल्या, वर ओलं फडकं, असं केलं. हवा इतकी दमट होती की मडकं फार गार झालं नाही, पण उन्हापेक्षा बरं. नंतर डॉक्टर म्हणाले की त्यांची वापरातली बाटली घरात गार जागी साधारण 28 दिवस चालते, तिचं एवढं टेन्शन नको होतं, न फोडलेल्या दोन बाटल्यांचंच खरं. त्या टाकल्या.

आणि पाणी! लोकांना वाटतं लाइट गेली म्हणजे अंधार. अंधाराचं काही नाही हो. नळाचं पाणी पंपाने येतं, ते बंद. घरात विहीर आहे, भरलेली, पण तिच्यावर एक एचपीची मोटर, ती बंद. कप्पी आम्ही हौसेने काढून टाकली होती दहा वर्षांपूर्वी, मोटर आहे ना म्हणून. सहा माणसांना (नणंद त्यात अडकलेली) कळशीला दोरी बांधून पाणी काढायचं, नवऱ्याचे हात सोलवटून निघाले. बुधवारी एकजण पिकअपमध्ये जनरेटर घालून वाड्यावर फिरत आला, टाकी भरायचे तीनशे. मी त्याला हजार दिले असते. त्याने आधी आमच्या बोर्डाचा मेन स्विच खाली पाडला, मग मोटरची वायर सोडवून थेट जनरेटरला लावली. नवरा म्हणाला सरळ प्लगमध्येच घाल ना, घर पण पेटेल जरा. जनरेटरवाल्याने त्याला झापलं. तसं केलं आणि मेन चुकून चालू राहिला की करंट उलटा लाइनवर जातो आणि खांबावर चढलेला लाइनमन मरतो. हे ज्याला माहीत नाही त्याने जनरेटर घेऊ नये, एवढं माझं स्पष्ट मत.

तर ह्या सगळ्यानंतर जूनमध्ये आम्ही इन्व्हर्टर घ्यायला गेलो. दुकानात मी पहिला प्रश्न विचारला, विहिरीची मोटर चालेल का. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, अख्खं घर चालेल." हेच ते वाक्य ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले.

नाही चालत. एक एचपी म्हणजे 746 वॉट, आणि सुरू होताना ती मोटर त्याच्या कैक पट ओढते. पहिल्याच दिवशी लावली, इन्व्हर्टरने किर्र केलं आणि ओव्हरलोडचा लाल दिवा. इलेक्ट्रिशियन हसला. त्यानेच मग कागदावर हिशेब करून दाखवला, जो दुकानात करायला हवा होता. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॉट-तास, त्यातले हातात येतात अकराशे-बाराशेच, बाकीचे बदलाबदलीत जातात आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायचीही नसते. आमचे तीन जुने पंखे 70-70 वॉटचे, पाच एलईडी, राउटर, म्हणजे पावणेतीनशे वॉटच्या आसपास. चार-साडेचार तास. अनुभवही तोच.

पुढच्या वर्षी तिन्ही पंखे बदलून ते नवे 30 वॉटवाले घेतले आणि त्याच बॅटरीवर आठ तास मिळायला लागले. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा हे स्वस्त पडलं, माझ्या बहिणीलाही हेच सांगितलं, तिने ऐकलं नाही, दोन बॅटऱ्या घेतल्या, आता जिन्याखाली पाय ठेवायला जागा नाही.

फ्रिजसाठी एक वेगळा पॉइंट काढून घेतलाय. साइन वेव्ह असल्याने फ्रिज कुरकुर करत नाही. लांबचा कट दिसला की पंखे बंद करून तासभर फ्रिज, मग परत पंखे, इन्शुलिन सेफ. ह्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल असं आईंचं म्हणणं आहे आणि मला ते मान्य आहे.

एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल. यूपीएसवर ठेवलं की व्होल्टेज 180 च्या खाली गेलं रे गेलं की इन्व्हर्टर लाइन सोडून बॅटरीवर जातो. वादळ-वाऱ्यानंतर लाइट येते तेव्हा कित्येकदा अशीच मरतुकडी येते, 160-170. म्हणजे खांबावर लाइट आहे, शेजाऱ्यांकडे पंखे रडतखडत फिरतायत, आणि आपली बॅटरी चार्ज व्हायची सोडून उलटी उतरतेय. दोन पावसाळे आम्ही बॅटरीला शिव्या दिल्या. बटण नॉर्मलवर केलं, प्रश्न संपला. कॉम्प्युटर जोडला नसेल तर नॉर्मलवरच ठेवा.

आता दुकानाचं. वॉरंटी 36 अधिक 18 महिने, म्हणजे पहिले 36 महिने फुकट बदलून आणि नंतरचे 18 महिने नव्या बॅटरीवर थोडी सूट, हे दुसरं कोणी समजावून सांगत नाही, सरळ साडेचार वर्षं म्हणतात. आमची अडीच वर्षांत बसली, एक सेल गेला. गेले तर म्हणे कार्डावर शिक्का नाही. शिक्का त्यांनीच मारायचा होता! मग म्हणे पाणी कमी होतं. पाणी मी स्वतः दर तीन महिन्यांनी घालते, डिस्टिल्डच, तारखा कॅलेंडरवर लिहिलेल्या, कॅलेंडर घेऊनच गेले दुसऱ्या फेरीला. तिसऱ्या फेरीला बदलून मिळाली, बारा दिवस गेले, मधल्या काळात चालवायला बॅटरी दिली नाही. बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड, दोन्हीचा फोटो घेतल्याशिवाय दुकानातून पाय काढू नका. आणि टर्मिनलला व्हॅसलीन लावत जा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत महिन्याभरात हिरवं बुरशीसारखं चढतं.

परत तौक्तेसारखे चार दिवस आले तर? पहिली रात्र निघेल, काटकसर केली तर दुसरीही. त्यानंतर चार्ज करायला लाइटच नाही म्हटल्यावर तो टेबलासारखा उभा राहणार. सोलर पॅनल जोडा असं सगळे सुचवतात, पण ढग भरलेल्या जूनमध्ये पॅनल किती देणार, आमच्या माडांच्या सावलीत तर नाहीच. म्हणून बाबांनी विहिरीवर परत कप्पी बसवून घेतली, नवा नायलॉनचा दोर, दोन कळशा. मे उजाडला की पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या) सामानाबरोबर दोराला तपासून घेतात. आणि त्या जनरेटरवाल्याचा नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवलाय.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक दुकानाचा कापला, आणि अर्धा त्या आवाजाचा, बॅटरी संपत आली की रात्री तीनला जे पीं पीं पीं सुरू होतं ना, बंद करायचं बटण आहे पण ते मागच्या बाजूला भिंतीकडे, आणि अंधारात ते शोधायला टॉर्च लागते.