लिंबू-राणी की गुळी-मरून? दुकानाचे रंग ठरवताना

कोल्हापुरात राजारामपुरीत सरबताचं दुकान काढायचं असो, लहान मुलांच्या कपड्यांचा ब्रँड असो की घरगुती मसाल्याचं पाऊच, गाडी रंगांपाशी अडतेच. विचारायला येणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन पर्याय असतात. एक म्हणजे लिंबू पिवळा, नारिंगी, पोपटी आणि जोडीला राणी कलर. दुसरा म्हणजे गुळाचा तपकिरी, मरून आणि थोडा सोनेरी.

माझं मत आधीच सांगतो. थंड, आंबट, ताजं काही विकत असाल किंवा गिऱ्हाईक तरुण असेल, तर लिंबू-राणी घ्या. गूळ, चप्पल, कांदा-लसूण मसाला असेल तर गुळी-मरूनच शोभतो.

लिंबू-राणी म्हटलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, हे भडक रंग आपले नव्हेत. मला हे अजिबात पटत नाही. चैत्र यात्रेत जोतिबाचा डोंगर गुलालाने गुलाबी होतो आणि पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने सगळं पिवळं होतं. या दोन रंगांची सवय कोल्हापूरच्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे.

रस्त्यावरून बघायचं तर गुळी-मरून भारदस्त दिसतो, पण मिसळ, लोणची, गूळ, चप्पल असे सगळे फलक त्याच रंगात असल्याने रांगेत हरवतो. लिंबू-राणी लांबून ओळखू येतो. त्यातली नारिंगी मात्र जपून वापरा. शहरात केशरी फलक आणि कमानी आधीच भरपूर आहेत, त्यामुळे पुढे काढायचे ते पिवळा आणि राणी.

अक्षरांच्या बाबतीत गुळी-मरून सरळ जिंकतो. मरूनवर साय रंगाची अक्षरं आजोबाही चष्म्याशिवाय वाचतील. लिंबू-राणीत इथेच घोटाळा होतो. मजकूर नीट वाचता यावा म्हणून वेबसाइटसाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, मागतात. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम १.०७:१ भरतो, म्हणजे अक्षर असून नसल्यासारखं. पिवळ्यावर काळी किंवा गडद जांभळी अक्षरं घाला, प्रश्न मिटतो. नारिंगीवर राणी अक्षरं तर नकोतच. दोन्ही रंगांचा उजेड जवळपास सारखा असल्याने कडा थरथरतात. डिझाइनचा फोटो मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. दोन्ही एकच करडे झाले, तर मध्ये पांढरी पट्टी हवी.

छपाईचं गणित समजून घेण्यासारखं आहे. प्रेसमध्ये सायन (निळसर), मॅजेन्टा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. लिंबू पिवळा जवळजवळ निव्वळ पिवळ्या शाईतून येतो, राणी कलर मॅजेन्टातून, म्हणून हे दोन्ही स्वच्छ उतरतात. पिवळ्यात मॅजेन्टा किंचित वाढली तरी लिंबाची हळद होते, तेवढं प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, तपासा. नारिंगी जरा मंदावते. पोपटी आणि निऑन गुलाबी स्क्रीनवर जसे चमकतात तसे कागदावर येत नाहीत. निऑन हवाच असेल तर वेगळी फ्लोरोसंट शाई लावावी लागते आणि खर्च वाढतो. पाचशे लेबलांसाठी तो करू नये. गुळी-मरून मात्र दोन-तीन शायांच्या मिश्रणातून येतो, म्हणून प्रेसगणिक त्याची छटा थोडी बदलू शकते.

उन्हात लिंबू-राणी लवकर उडतो. आधी उडतात त्या पिवळी आणि मॅजेन्टा शाई. जुने फ्लेक्स निळसर दिसतात ते त्यामुळेच. लिंबू-राणीचा सगळा जीव याच दोन शायांत, म्हणून पश्चिमेच्या उन्हात फ्लेक्स लावू नका. मूळचा रंगीत ॲक्रिलिकचा बोर्ड करा, नाहीतर पेंटरकडून ऑइल पेंटमध्ये रंगवून घ्या.

इन्स्टाग्रामवर विक्री असेल तर लिंबू-राणीला तोड नाही.

तो घेणार असाल तर चारही रंग सारख्या मापात ओतू नका. मोठी जागा लिंबू पिवळ्याला किंवा पांढऱ्याला द्या, राणी फक्त नाव आणि किमतीपुरता, पोपटी एखाद्या पानाएवढा. गूळ किंवा मसालावाल्यांना थोडा ताजेपणा हवाच असेल, तर मरून पाऊचवर झाकणापाशी लिंबू रंगाची बोटभर पट्टी पुरते.