आंबोलीची रात्रीची बेडूक-फेरी: पैसे वसूल, पण गमबूट घरून न्या

भाचीने वाढदिवसाला ड्रेस नको म्हणून सांगितलं. "मावशी, आंबोलीला नाइट ट्रेलला चल, बस." माझं गडहिंग्लजला लेडीज टेलरिंगचं दुकान. बेडकाशी संबंध एवढाच, की पावसाळ्यात दारात आला तर केरसुणीने बाहेर लोटायचा. तरी गेले. जुलैतला शनिवार, माणशी पाचशे रुपये, रात्री आठ ते साडेदहा.

आधी तक्रारी. गमबूट मिळतील असं फोनवर सांगितलं होतं. निघाले दोन जोड, तेही पुरुषांच्या मापाचे. मी चपलांवर गेले आणि घोट्याला तीन जळवा घेऊन आले. वीस माणसांमागे एकच गाइड, त्यात एक जण सारखा बेडकाच्या डोळ्यांवर टॉर्च मारत होता. त्याला गाइडदादांनी दोनदा झापलं, हे मात्र आवडलं. मागे उभं राहिलं तर काही ऐकू येत नाही, म्हणून मी मुकाट्याने पुढे घुसले.

म्हणून एक टोड, म्हणजे खरखरीत अंगाचा बेडूक, जवळून बघायला मिळाला. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, परातीएवढं डबकं आणि काठावर हा अंगठ्याएवढा प्राणी, कुशीवर हळदीसारखे पिवळे पट्टे. अशाच उथळ डबक्यांत हे अंडी घालतात. "ताई, हा आंबोली टोड. जगात दुसरीकडे कुठे सापडलेला नाही," दादा म्हणाले. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी 2009 साली याला नाव दिलं, पट्ट्यांवरून 'टायगेरिना'. याला सख्खा भाऊ एकच, कोयनेचा टोड, त्याची नोंद 1963 ची. दोघांचा मिळून एक वंश (जीनस), तिसरं कोणी नाही.

भाचीने विचारलं, एकाचे दोन झाले कसे? दादांनी खाली बसून चिखलात बोटाने दोन डोंगर काढले. मधे दऱ्या आणि कोरडा पट्टा. एवढासा जीव, ओल सोडून तो किती लांब जाणार? इकडच्यांची पिल्लं इकडे, तिकडच्यांची तिकडे. दर पिढीत बारीकसारीक फरक पडतो, आणि इथल्या पावसा-कातळाला जो मानवतो तो टिकतो. दोन्हीकडचे फरक एकमेकांत मिसळायला वाट नाही, मग ते साठत जातात.

मला हे लगेच कळलं, कारण माझ्या दुकानात हेच झालंय. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी आईच्या एकाच कागदी खाक्यावर ब्लाउज शिकलो. तिचं दुकान इचलकरंजीत. खाका फाटला, तशी प्रत्येकीने आपल्या आधीच्या ब्लाउजवरून पुढचं कटिंग केलं. दर वेळी कुठे सूतभर जास्त, कुठे कमी. त्यात तिची गिऱ्हाइकं वेगळी, माझी वेगळी. तीस वर्षांनी, गेल्या दिवाळीत, तिच्याकडचा अर्धा शिवलेला ब्लाउज माझ्याकडे आला, आणि माझी बाही तिच्या मुंढ्यात बसेना. वेगळं शिवायचं असं दोघींपैकी एकीनेही ठरवलं नव्हतं.

मी हे बोलून दाखवलं तर दादा म्हणाले, "अगदी तेच. पुढे समोरासमोर आले तरी जोडी जमेलच असं नाही." झुडपातून चाललेली टकटक ऐकवत त्यांनी पुढचं सांगितलं. नर आपल्या जातीची हाक देतो, मादी तेवढ्याच हाकेला जाते. हाक बदलली की सोयरीक तुटली. तिथेच आंबोलीचा झुडूप-बेडूकही दिसला. याच्या अंड्यातून शेपटीवाली पिल्लं न निघता थेट चिमुकले बेडूकच निघतात. त्याची बहुतेक भावकी श्रीलंकेत, कधीकाळी समुद्र ओसरून जमीन उघडी पडली तेव्हा तिकडून इकडे आलेली. हा भाग दादांनी घाईत उरकला, पाऊस वाढला होता.

सकाळी हिरण्यकेशीच्या देवळात गेलो. तिथल्या कुंडातल्या माशाची नवी जात म्हणून 2020 मध्ये नोंद झाली आणि पुढच्या वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. मासा काही दिसला नाही. चहा बरा होता.

पाचात चार. एक गमबुटांचा कापला. जाणार असाल तर गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि मिठाची पुडी न्या. बेडकाला हात लावू नका, आणि दादा खाली बसले की तुम्हीही बसा, उभ्याने काही दिसत नाही. बहिणीला मी फोन केलाय, जूनमध्ये पहिल्या पावसाला दोघी जाणार आहोत.