बडोद्याहून समुद्रकिनारी: सौराष्ट्र की कोकण?

सुट्टी किती दिवसांची आहे ते आधी मोजा. चार-पाच दिवस असतील तर कोकणाचं नाव काढू नका, सौराष्ट्र करा. सात-आठ दिवस हाताशी असतील तरच कोकणाचा विचार. माणसं नेमकी याच्या उलट करतात: चार दिवसांत अलिबाग-मुरूड उरकायला निघतात आणि त्यातले दोन-अडीच दिवस ट्रकच्या मागे काढतात.

हिशेब साधा आहे. बडोदा ते अलिबाग जवळपास 500 किलोमीटर. पहाटे पाचच्या आत निघाला नाहीत तर जांबुव्याच्या पुलापाशीच अर्धा तास जातो. पुढे सुरत, वापी, मनोरपर्यंत ठीक चालतं, आणि दुपारी घोडबंदर रोडला गाडी मुंगीच्या चालीने सरकू लागते. त्यामुळे पहिला मुक्काम वसईला करावा. संध्याकाळी चिमाजी अप्पांनी 1739 साली घेतलेला किल्ला पाहून होतो, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघून सातच्या आधी ठाणं ओलांडता येतं. मग पनवेल, पेण, वडखळ. म्हणजे पोरांचे पाय वाळूला लागायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते.

सौराष्ट्राला वासद, बोरसद, तारापूर, वटामण असं भावनगर साधारण 200 किलोमीटर. रस्ता रुंद, चार तास पुरतात. दुसऱ्या दिवशी तळाजा, महुवा, उनामार्गे दीव, तेही तेवढंच. दीव ते सोमनाथ 85-90, सोमनाथ ते पोरबंदर 130, तिथून द्वारका शंभरेक. रोज सकाळी तीन-चार तास गाडी, बाकी दिवस मोकळा. परतीचा हिशेब मात्र कोणी करत नाही: द्वारकेहून जामनगर, राजकोटमार्गे बडोदा 500 किलोमीटर भरतं. एका दमात आणायचं तर चालवणारे दोघं हवेत, नाहीतर राजकोटला रात्र काढा. पाचच दिवस असतील तर सोमनाथहून मागे फिरा, द्वारका वेगळी करा.

भावनगरजवळचं घोघा ते सुरतजवळचं हजीरा अशी गाडीसकट नेणारी रो-रो फेरीबोट आहे, तिचा मोह बऱ्याच जणांना होतो. सुरतकरांना ती सोयीची आहे. बडोदेकराने आधी दीड-पावणेदोनशे किलोमीटर दक्षिणेला हजीऱ्याला जायचं, मग तीन-चार तास बोटीत बसायचं, यात वाचत काहीच नाही. मुलांना बोटीची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आता समुद्राबद्दल. सौराष्ट्रात हमरस्ता बहुतेक ठिकाणी किनाऱ्यापासून आत आहे. मुक्कामाला पोचेपर्यंत पाणी दिसत नाही. अपवाद माधवपूरचा: सोमनाथ-पोरबंदर वाटेवर तिथे समुद्र अगदी रस्त्याला लागून येतो. थांबा, फोटो काढा, पण पाण्यात उतरू नका, किनारा एकदम खोल होतो. पोहायचं तर दीवचं घोघला किंवा नागोआ, नाहीतर द्वारकेजवळचं शिवराजपूर. कोकणात याच्या उलट. रेवदंड्यापासून काशीद, नांदगाव, मुरूडपर्यंत पाणी पुन्हा पुन्हा रस्त्याशेजारी येतं. पण वळणंही तितकीच. ज्या मुलाला गाडी लागते त्याला पुढे बसवा आणि मिसळ खायला घालून निघू नका.

भरती-ओहोटी दोन्हीकडे पाहावी लागते, आणि फसगत इथेच होते. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर तृतीया-चतुर्थीची सकाळ उत्तम, आठ-नऊला ओहोटी मिळते आणि पाणीही बऱ्यापैकी हटलेलं असतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण ती भांगाची, पाणी पुरतं सरत नाही. मग घोडागाडीच करावी लागते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला पायऱ्या उतरून खडकांवरून जावं लागतं. भरतीत तिकडे फिरकूच नका, लाटेने माणसं ओढून नेलेली जागा आहे.

हाच पाऊणपटीचा हिशेब भावनगरजवळ कोळियाकच्या निष्कलंक महादेवाला लावलात तर चुकाल. खंभातच्या आखातात भरती मुंबईपेक्षा काही तास उशिरा पोचते आणि पाणी कितीतरी जास्त चढतं. शिवलिंगं किनाऱ्यापासून सुमारे किलोमीटरभर आत, समुद्राच्या तळावर. गावात वेळ विचारून उतरा, आणि पाणी फिरलं की दर्शन अर्धं टाकून परता.

आजी-आजोबा बरोबर असतील तर किल्ल्यांचा निकाल लगेच लागतो. दीवचा पोर्तुगीज किल्ला 1535 चा. गुजरातच्या ज्या बहादूरशहाने आदल्याच वर्षी वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानेच इथेही त्यांना किल्ला बांधू दिला. गाडी दारापर्यंत जाते, आत रुंद चढ आहेत, गुडघे दुखणाऱ्यालाही निम्मा किल्ला पाहता येतो. जंजिरा पाहायला राजपुरीहून शिडाच्या होडीत बसायचं, दरवाजाशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकायचा, आत ठरलेल्या वेळात फिरून यायचं. बारा वर्षांच्या मुलाला स्वर्ग, पंच्याहत्तरीच्या आजीला शिक्षा. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असते. आजींना खरं समाधान मिळेल सोमनाथला. मोठ्या देवळाजवळच अहिल्याबाईंनी 1783 मध्ये बांधलेलं देऊळ आहे, तिथे गर्दी कमी आणि पिंडीजवळ बसता येतं. मोठ्या देवळात मोबाईल नेता येत नाही, ते लॉकरमध्ये ठेवावे लागतात. द्वारकाधीशाचं देऊळ दुपारी बंद असतं, ते तास सुदर्शन सेतूवरून बेट द्वारकेकडे जाण्यात घालवायचे असतील तर तिथली दुपारची बंद वेळही आधी विचारून घ्या. हा पूल फेब्रुवारी 2024 पासून खुला आहे, होडीची रांग संपली. आणि हो, दीव-सोमनाथ वाटेवरचं कोडीनार असो की द्वारकेकडचं ओखामंडळ, हा सगळा एकेकाळी गायकवाडांचाच मुलूख. बडोदेकराला परका नाही.

जेवणात मासे हवे असतील तर सौराष्ट्रात दीव सोडून फारशी आशा नको. आणि रोटला-ओळो, म्हणजे भाकरी-भरीत, तर घरीही होतं. कोकणात घरगुती मुक्काम मिळतात, पण जेवण सकाळीच सांगून ठेवावं लागतं. रात्री नऊला पोचून सुरमई मागाल तर पिठलं मिळेल.

दीवहून असो वा महाराष्ट्रातून, परतताना गाडीत दारूची बाटली नको. ताडच्या आणि भिलाडच्या नाक्यावर तपासणी होते आणि गाडीसुद्धा अडकते.

कोकणच ठरलं तर हरिहरेश्वर हे टोक धरा. मुरूडहून आगरदांडा-दिघी फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे, मग दिवेआगर आणि पेशव्यांचं श्रीवर्धन. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, गाडी खालून घासते, म्हणून मागच्यांना उतरवून मगच चढवा. टाकी अलिबागला भरून घ्या, सीएनजीवर विसंबू नका. परतताना तोच किनारा धरू नका, म्हसळा-माणगाववरून पनवेल गाठा. गणपतीपुळ्याचा आग्रह झालाच तर आणखी तीन दिवसांची रजा टाका.